जुन्या गाडीत कोणतं कुलंट टाकायचं? ठाणे-नवी मुंबईच्या गाडीवाल्यांना पडणारे नेहमीचे प्रश्न

मारुती ८००, झेन, एस्टीम, पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, जुनी सँट्रो, इंडिका, पहिली होंडा सिटी असल्या गाड्या अजून जपून चालवणारे आपल्याकडे बरेच आहेत, नौपाड्यात वाड्याच्या मागे कव्हर घालून ठेवलेल्या आणि वाशी-नेरुळच्या सोसायट्यांत रविवारी पुसल्या जाणाऱ्या. ह्या गाड्यांचं इंजिन सहसा झिजून मरत नाही, ते तापून मरतं. म्हणून कुलंटबद्दल, म्हणजे इंजिन थंड ठेवायला रेडिएटरमधून फिरणाऱ्या द्रवाबद्दल, जे प्रश्न परत परत येतात ते सगळे एकत्र लिहितोय.

आपल्याकडे थंडी पडतच नाही, मग कुलंट हवंच कशाला? पाणी चालत नाही का?

गोठण्याची भीती ठाण्यात नाही हे खरंच आहे, पण गोठू न देणं हे कुलंटच्या तीन कामांपैकी एक काम. दुसरं काम म्हणजे उकळी लांबवणं. साधं पाणी १०० डिग्रीला उकळतं, अर्धं कुलंट अर्धं पाणी साधारण १०७ च्या आसपास, आणि वर रेडिएटरचं झाकण ०.९ किलोचं प्रेशर धरून ठेवत असेल तर तेच मिश्रण १२५ च्या पुढे जातं. मे महिन्यात दुपारी घोडबंदरला गायमुखच्या चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये एसी लावून रखडत असाल तर ह्या पंधरावीस डिग्रीवरच सगळं असतं.

तिसरं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे गंज रोखणं. इंजिनात लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, तांबं, पितळ, सोल्डरमधलं शिसं असे सगळे धातू एकाच पाण्यात बुडालेले असतात आणि अशा वेळी त्यातला कमकुवत धातू खायला सुरुवात होते, बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम. कुलंटमधली रसायनं धातूवर पातळ थर धरतात आणि हे थांबवतात. साध्या पाण्यात हे काहीच नसतं.

वडील कायम नळाचं पाणीच टाकायचे, वीस वर्षं काही झालं नाही. मग आता का बदलू?

कारण झालेलं असतं, दिसत नाही. कधी संधी मिळाली तर थर्मोस्टॅटच्या (इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा व्हॉल्व्ह) हाउसिंगवरचा होज पाइप काढून बघा. बाहेरून सगळं ठीक दिसतं, क्लॅम्प घट्ट असतो, पण पाइप ओढला की आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तोंडावर पांढरी भुकटी साचलेली असते, नखाने खरवडली की खाली खड्डे, काही ठिकाणी कड इतकी पातळ झालेली की बोटाने दाबली तर तुकडा पडेल. असंच हेडच्या म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या आत, पाणी फिरण्याच्या वाटेच्या (वॉटर जॅकेट) तोंडाशी होतं आणि मग एक दिवस हेड आणि ब्लॉकमधलं गॅस्केट उडतं, हेड फेसिंगला म्हणजे घासून सपाट करायला द्यावं लागतं आणि मेकॅनिक म्हणतो मटेरियलच उरलं नाही.

जुन्या पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडरचा ब्लॉक बिडाचा, जाड, म्हणून तो बरीच वर्षं सहन करायचा. पण पद्मिनीचंही हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे हे लोक विसरतात. आणि झेन-एस्टीमच्या इंजिनाचा तर ब्लॉकसुद्धा अ‍ॅल्युमिनियमचा. तिथे साधं पाणी म्हणजे इंजिन हळूहळू विरघळवणं.

दुकानात हिरवं, लाल, गुलाबी, निळं, जांभळं सगळं मिळतं. माझ्यात हिरवं होतं, मग हिरवंच घेऊ ना?

रंगावर अजिबात जाऊ नका. रंग हा फक्त रंग आहे, कंपनी वाटेल तो टाकते, त्याला कुठलंही ठरलेलं प्रमाण नाही. आज बाजारात हिरव्या रंगात जुन्या पद्धतीचं कुलंटही मिळतं आणि नवीन ऑरगॅनिक पद्धतीचंही मिळतं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि काउंटरवरचा पोरगा "सेम आहे काका" म्हणून मोकळा होतो. टोयोटाचं लाल वेगळं, टोयोटाचंच गुलाबी वेगळं, आणि फोक्सवॅगन-स्कोडाचं गुलाबी तर आणखीनच वेगळं. डब्याच्या मागे काय लिहिलंय ते वाचायचं.

बरं, मग डब्याच्या मागे नक्की काय वाचायचं?

मुख्य प्रकार तीन समजून घ्या, बाकी सगळे ह्यांचेच भाऊबंद.

जुनी पद्धत आयएटी. ह्यात सिलिकेट, फॉस्फेट असली अजैविक क्षारांची रसायनं असतात. फार पटकन थर धरतं, तांबं-पितळ-शिशाच्या सोल्डरला चांगलं सांभाळतं, पण लवकर संपतं, दोन वर्षांत बदलावंच लागतं.

दुसरी ओएटी, म्हणजे ऑरगॅनिक अ‍ॅसिडवाली. डब्यावर लाँग लाइफ, पाच वर्षं वगैरे लिहिलेलं असतं. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमला छान, पण सोल्डरवाल्या जुन्या रेडिएटरला तेवढी चांगली नाही. शिवाय ह्यातल्या काही कुलंटमधलं एक अ‍ॅसिड सिलिकॉन आणि नायलॉनच्या जुन्या सील-गॅस्केटना मऊ करतं असा अनुभव परदेशात आलेला आहे.

तिसरी मिश्र पद्धत, हायब्रिड, एचओएटी. ऑरगॅनिक अ‍ॅसिड आणि जोडीला थोडं सिलिकेट किंवा फॉस्फेट. जपानी-कोरियन कंपन्या फॉस्फेटवालं पसंत करतात, कारण सिलिकेटने वॉटर पंपाचं सील घासतं असं त्यांचं मत. युरोपवाले फॉस्फेट टाळतात, कारण त्यांच्याकडचं पाणी जड आणि फॉस्फेट जड पाण्यात साका धरतं. हे वाचलं की लक्षात येतं की कोणतं कुलंट "बेस्ट" हा प्रश्नच चुकीचा आहे, तुमच्या इंजिनात आणि रेडिएटरमध्ये कोणता धातू आहे ते आधी बघायचं.

ह्याशिवाय डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ ह्यापैकी एखादं स्टँडर्ड छापलेलं हवं. काहीच छापलेलं नसेल, नुसतं "सुपर कूल" आणि बर्फाचं चित्र असेल तर तो डबा परत ठेवा. सुटं कुलंट कॅनमधून मापाने देतात ते तर घेऊच नका, बऱ्याचदा ते रंगीत पाणीच असतं.

थेट सांगा, माझ्या गाडीला कोणतं?

पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, जुनी जीप, किंवा कोणतीही गाडी जिचा रेडिएटर अजून तांब्या-पितळेचा आहे, तिला जुन्या पद्धतीचं आयएटी. दर दोन वर्षांनी बदला, विषय संपला. "लाँग लाइफ" च्या मोहात पडू नका.

मारुती ८००, झेन, एस्टीम, जुनी वॅगन आर, सँट्रो, होंडा सिटी, क्वालिस, म्हणजे जपानी-कोरियन घराण्यातल्या आणि अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर असलेल्या गाड्यांना फॉस्फेटवालं, सिलिकेट नसलेलं हायब्रिड. डब्यावर "जपानी गाड्यांसाठी" किंवा "एशियन" असं काहीतरी असतं. ह्यांच्यात आधीपासून साधं हिरवं आयएटी चालू असेल आणि तुम्ही ते वेळेवर बदलत असाल तर तेही चालू ठेवायला हरकत नाही, इंजिन त्याने खराब होत नाही, फक्त तारीख पाळायची.

जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया, ओपेल कोर्सा-अ‍ॅस्ट्रा, फोर्ड आयकॉन, फियाट पॅलिओ असेल तर मॅन्युअलमधल्या स्पेसिफिकेशनलाच चिकटून राहा. विशेषतः फोक्सवॅगन ग्रुपमध्ये त्यांची जी ११ आणि जी १२ ही दोन कुलंट एकत्र झाली की तपकिरी चिखल होतो, हे प्रसिद्ध दुखणं आहे.

रेडिएटर तांब्याचा आहे की अ‍ॅल्युमिनियमचा कसं ओळखू?

मॉडेलवरून ठरवू नका, वीस-पंचवीस वर्षांत कोणीतरी कधीतरी बदललेला असतो. एका ८०० मध्ये पितळी सापडेल, शेजारच्या ८०० मध्ये प्लॅस्टिक टाकीचा. गाडी थंड असताना बॉनेट उघडून वरची टाकी बघा. काळ्या प्लॅस्टिकची टाकी आणि खाली चंदेरी जाळी दुमडून बसवलेली असेल तर अ‍ॅल्युमिनियम. टाकी पत्र्याची, काळा रंग दिलेली, कडेला सोल्डरची रेघ असेल तर एका कोपऱ्यात हलकेच खरवडा, पिवळं दिसलं की पितळ.

आत सध्या काय आहे तेच माहीत नाही, सेकंड हँड घेतलीय. वरून टॉप-अप करू का?

नको. माहीत नसेल तर पूर्ण काढून नवीन भरा, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. दोन वेगळ्या पद्धतींचं कुलंट मिसळलं की लगेच स्फोट वगैरे होत नाही, पण दोघांचीही रसायनं एकमेकांना निकामी करतात आणि कधी कधी जेलीसारखा गाळ तयार होतो जो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. मग रेडिएटरवाल्याकडे नेऊन टाकी उघडून सळई मारावी लागते, आणि प्लॅस्टिक टाकीवाल्यात तर तेही होत नाही, सरळ बदलायचा.

भरायच्या आधी थंड इंजिनवर झाकण उघडून टॉर्चने आत बघा. स्वच्छ रंगीत दिसलं तर बरं. तांबूस-चहासारखं म्हणजे लोखंडाचा गंज. दुधाळ, वर साय आल्यासारखं असेल तर तेल मिसळलंय, बहुतेक हेड गॅस्केट, तेव्हा कुलंटचा विचार नंतर, आधी मेकॅनिक. आणि ऑइलची डिपस्टिकही बघा, तिथे कॉफीसारखा फेस असेल तर गाडी चालवूच नका.

रेडी मिक्स घ्यायचं की कॉन्सन्ट्रेट? प्रमाण काय?

रेडी मिक्स म्हणजे आधीच पाणी मिसळलेलं, कॉन्सन्ट्रेट म्हणजे पाणी आपण मिसळायचं. रेडी मिक्स सोपं, चूक व्हायची शक्यता कमी, टॉप-अपला तेच चांगलं. पण फ्लश केल्यावर म्हणजे जुनं काढून सिस्टिम पाण्याने धुतल्यावर भरायचं असेल तर मी कॉन्सन्ट्रेट सांगेन, आणि त्याचं कारण असं की रेडिएटरचा नळ उघडून पाणी सोडलं तरी ब्लॉकमध्ये एक तृतीयांशापर्यंत पाणी राहूनच जातं. त्यावर रेडी मिक्स ओतलं की ते आणखी पातळ होतं आणि तुम्हाला वाटतं ५०-५० आहे, प्रत्यक्षात ३०-३५ टक्के.

समजा सिस्टिम चार लिटरची आहे, मॅन्युअलमध्ये आकडा असतो, आणि तुम्हाला ४० टक्के हवंय. म्हणजे कॉन्सन्ट्रेट १.६ लिटर. आधी ते पूर्ण ओता, मग वरून डिस्टिल्ड वॉटरने भरत जा. आत राहिलेलं पाणी आपोआप हिशेबात येतं.

आपल्या हवेला ३५ ते ५० टक्क्यांमध्ये काहीही चालतं. ३० च्या खाली गंज रोखणारी रसायनं कमी पडतात. आणि जास्त म्हणजे चांगलं असंही नाही, कारण उष्णता वाहून न्यायला पाणी जास्त चांगलं, नुसतं कॉन्सन्ट्रेट भरलं तर गाडी आणखी तापेल.

कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी कोणतं? सोसायटीत आरओ आहे, ते चालेल?

डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड, जे बॅटरीचं पाणी म्हणून पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं ते. घेताना बॅटरीचं अ‍ॅसिड देत नाही ना एवढं डबा वाचून बघा.

नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी तसं सौम्य आहे, पण नळाच्या पाण्यात क्लोरीन-क्लोराइड असतातच आणि क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला भोकं पाडतं. घोडबंदरच्या बऱ्याच कॉम्प्लेक्समध्ये तर टँकर आणि बोअरवेलवर भागवावं लागतं, तुमच्या बाथरूमच्या नळावर जो पांढरा थर येतो ना तोच इंजिनाच्या आत सगळ्यात गरम जागी म्हणजे हेडमध्ये जमतो. आरओचं पाणी नळापेक्षा बरं, अडीअडचणीला टाका, पण त्यातही चवीसाठी क्षार ठेवलेले असतात. एसीच्या पाइपातून ठिबकणारं पाणी काही लोक साठवतात, त्यात धूळ आणि कॉइलचा मळ असतो, ते नको.

फ्लश घरी पार्किंगमध्ये होतो का?

होतो, अर्धा दिवस आणि थोडी चिकाटी हवी. इंजिन पूर्ण थंड, खाली टब. रेडिएटरचा खालचा नळ उघडा, तो जाम असेल तर जोर लावू नका, प्लॅस्टिकचा असेल तर तुटतो, त्यापेक्षा खालचा होज काढा. रिझर्व्ह बाटली काढून ब्रशने घासून धुवा, सगळा गाळ तिथे असतो. मग साधं पाणी भरा, हीटर असेल तर हॉटवर ठेवा म्हणजे हीटरच्या नळ्याही धुतल्या जातील, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत म्हणजे वरचा होज गरम लागेपर्यंत इंजिन चालू ठेवा, बंद करून थंड होऊ द्या, सोडा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच परत परत. शेवटची फेरी डिस्टिल्डची, नाहीतर आत राहिलेलं पाणी नळाचंच.

भरताना हळू ओता, होज हाताने दाबत राहा म्हणजे हवा निघेल. हवा अडकली की तापमानाचा काटा उगाच वर-खाली होतो आणि हेडचा एखादा कोपरा कोरडा राहून तापतो. गाडी थोड्या चढावर तोंड वर करून उभी केली तर हवा लवकर निघते. दुसऱ्या दिवशी सकाळी लेव्हल परत बघा, थोडी उतरतेच.

कडक फ्लश केमिकल फार जुन्या रेडिएटरमध्ये टाकू नका, कधी कधी तो गंजाचा थरच भोक बुजवून बसलेला असतो. पण अशा रेडिएटरचा भरवसा तरी किती, तो दुरुस्त करून घ्यावा हे बरं.

मेकॅनिक म्हणतो "आपल्याकडे थर्मोस्टॅट लागत नाही, काढून टाकू".

नाही म्हणा. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त खातं, सिलिंडर जास्त झिजतात, आणि काही इंजिनांत बायपास उघडा राहून पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरतं म्हणजे गाडी उलट जास्त तापते. थर्मोस्टॅट जाम असेल तर नवीन बसवा. सोबत रेडिएटरचं झाकणही बदला, त्याचं रबर कडक झालं की प्रेशर धरत नाही आणि मग वर सांगितलेलं १२५ चं गणित कोलमडतं. त्याच आकड्याचं झाकण घ्या, ०.९ च्या जागी १.१ नको, जुने होज फाटतील.

किती वर्षांनी बदलायचं?

आयएटी दोन वर्षं. हायब्रिड-ऑरगॅनिक डब्यावर पाच लिहिलं असलं तरी जुन्या गाडीत तीन धरा, कारण आत जुना गंज असतोच आणि तो नवीन रसायनं भराभर खातो. गाडी कमी चालते म्हणून पुढे ढकलू नका, उभ्या गाडीतही कुलंट म्हातारं होतं.

कुलंट कमी होतं पण खाली डाग दिसत नाही.

गरम जागी गळलं की वाफ होऊन उडून जातं, मागे फक्त पांढरी-हिरवी खरपुडी राहते. क्लॅम्पच्या आसपास, वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकाशी, रेडिएटरच्या टाकीच्या दुमडीवर बोट फिरवून बघा. गाडीत गोडसर वास आणि पायाखालचं मॅट ओलं म्हणजे हीटर कोअर, हीटरचा आतला छोटा रेडिएटर. आणि कुठेच काही नाही, पण सकाळी सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर बराच वेळ येतो, तर गॅस्केट.

रेडिएटरमध्ये हळद टाकली की गळती थांबते म्हणतात, खरं का?

ट्रकवाल्यांचा जुना उपाय आहे आणि बारीक गळती त्याने तात्पुरती थांबतेही. पण हळद काय किंवा बाजारातलं लीक-स्टॉप काय, ते फक्त भोकातच जाऊन बसत नाही, अरुंद नळ्यांतही बसतं. कसारा घाटात रात्री अडकलात आणि दुसरा मार्गच नाही तर टाका, घरी आल्यावर सगळं धुवून काढा आणि गळती नीट करून घ्या.

रस्त्यात काटा वर गेला तर काय करायचं?

एसी बंद, हीटर असेल तर फुल हॉट आणि ब्लोअर फुल, कडेला घ्या. कापूरबावडीच्या सिग्नलला कडेला घेणं सोपं नाही हे माहीत आहे, तरी हॉर्न ऐकून घ्या पण पुढे रेटू नका, लाल काट्यावर चालवलेला एखादा किलोमीटरही हेड वाकवायला पुरतो. गाडी बंद करा, बॉनेट उघडा, पण झाकणाला हात लावू नका. किमान अर्धा-पाऊण तास. गरम झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं आणि त्याने फार वाईट भाजतं. थंड झाल्यावर जाड फडकं धरून पहिल्या अटकावापर्यंत फिरवा, हवा जाऊ द्या, मग पूर्ण. अशा वेळी बिसलेरीचं पाणी टाकलं तरी चालतं, तापलेल्या इंजिनात गारेगार ओतू नका फक्त, इंजिन चालू ठेवून थोडं थोडं. नंतर आठवड्याभरात प्रमाण दुरुस्त करून घ्या.

पद्मिनीसारख्या गाडीत पंखा आणि पंप दोन्ही बेल्टवर इंजिनाबरोबर फिरतात, म्हणून ट्रॅफिकमध्ये काटा चढायला लागला तर न्यूट्रलला थोडी रेस देऊन बघा, बऱ्याचदा उतरतो. ८०० किंवा झेनमध्ये इलेक्ट्रिक पंखा असतो, तो फिरतोय का ते आधी बघा.

काढलेलं जुनं कुलंट कुठे टाकू?

गटारात नाही आणि झाडाच्या बुंध्याशीही नाही. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड, त्यामुळे सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशा प्रमाणातही त्यांची किडनी जाते, लहान मुलांनाही तोच धोका. आपली गटारं शेवटी खाडीलाच मिळतात. काढताना टब उघडा ठेवून चहाला जाऊ नका, सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा, आणि काढलेलं घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून त्यावर मोठ्या अक्षरात लिहा, पाण्याच्या बाटलीत कधीच ठेवू नका. ज्या वर्कशॉपमधून जुनं ऑइल नेणारे येतात तिथे विचारून तो कॅन द्या.